ॲडमिरलची नजर

बाईंचे यजमान नौदलात ॲडमिरल होते आणि त्यांना बोट लागायची. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक आहे अशी ॲडमिरलसाहेबांची समजूत होती, आणि बाई ती समजूत मोडत नसत. खलाशी मात्र पाठीमागे त्यांना ‘पाहुणे’ म्हणत. कारण साहेब नौकेवर हेलिकॉप्टरने उतरायचे, उभ्याउभ्या चार सूचना द्यायचे, जेवायला थांबा म्हटलं की घड्याळाकडे बघायचे आणि आल्या वाटेने उडून जायचे.

सुरुवात बाईंना लख्ख आठवत होती. नुकतं लग्न झालेलं. पहिल्याच लांबच्या सफरीत साहेबांनी बादलीला जी मिठी मारली ती बंदर दिसेपर्यंत सोडली नाही. अर्ध्या वजनाने घरी आले आणि त्याच आठवड्यात हेलिकॉप्टरच्या शिक्षणासाठी नाव देऊन मोकळे झाले. वरिष्ठांना वाटलं, पोराला आभाळाची ओढ आहे. ओढ कसली, पळ होता तो. पण जीव घेऊन पळणारा माणूस जोरात पळतो, तसे ते शिकले. त्यांच्या तोडीचा वैमानिक दुसरा नव्हता, हे बाईही कबूल करायच्या. वादळात बुडणाऱ्या मच्छीमारांना त्यांनी दोराने वर खेचून घेतलं होतं, हेलिकॉप्टर वीतभरही हलू न देता. साहेबांनाच घटकाभर त्या होडीत बसवलं असतं, तर मच्छीमारांना त्यांना वाचवावं लागलं असतं.

वरच्या बढतीसाठी एखादी युद्धनौका सांभाळलेली असावी लागते. नशीब असं बलवत्तर, की त्यांच्या वाट्याला आलेली नौका त्यांच्या सगळ्या मुदतीत गोदीत दुरुस्तीला उभी होती. सर्वांत शिस्तशीर नौका म्हणून तिला ढालही मिळाली. जी हलतच नाही तिला बेशिस्त वागायला सवड कुठली, असं बाई म्हणाल्या, तेव्हा साहेबांनी दोन दिवस अबोला धरला होता.

बाईंचा मात्र उभा जन्म सरकारी घरांत गेला. सामान लागतं न लागतं तोच पुन्हा खोकी. एका घरचे पडदे दुसऱ्या घरच्या खिडक्यांना आखूड. भिंतीत खिळा ठोकायचा तर कार्यालयाची परवानगी. म्हणून धाकट्या बहिणीच्या शेजारी, डोंगराच्या कुशीत, समुद्र डोळ्यांनाही दिसणार नाही अशा जागी त्यांनी छोटं घर बांधून घेतलं होतं. ते कुलूप लावून पडलेलं होतं. साहेबांनी शब्द दिला होता की नौदलप्रमुखाची खुर्ची मिळाली नाही तर निवृत्त होऊन तिकडे राहायला जायचं. खुर्चीच्या रांगेत तिघे होते आणि साहेब तिसरे. बाईंनी मनातल्या मनात तिथल्या भिंतींवर सगळ्या तसबिरी लावूनही टाकल्या होत्या.

आणि मग मंत्र्यांनी आरमाराची पाहणी काढली. तिन्ही ॲडमिरल सपत्नीक नौकेवर. साहेबांनी नेहमीसारखं हेलिकॉप्टर सांगून ठेवलं होतं, पण सकाळी त्यातून तेल गळताना दिसलं आणि तंत्रज्ञांनी ते उडवायला साफ नकार दिला.

“गोळी घेता का?” बाईंनी विचारलं.

“गोळीने झोप येते. सलामी घेताना घोरू काय?”

नौका बंदराबाहेर पडली आणि चांगलीच डोलायला लागली. साहेब मंत्र्यांच्या उजव्या हाताला उभे राहिले, पांढरे बूट जुळवून, समोर पाण्याच्या कडेवर डोळे रोवून. बाईंना ती युक्ती माहीत होती. डोलत्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवताना वैमानिक डेककडे बघत नाही, क्षितिजाकडे बघतो. डेककडे बघितलं की माणूस डेकबरोबर डोलायला लागतो. साहेब हेलिकॉप्टर नसतानाच उतरत होते. बराच वेळ उतरत होते.

मंत्रिमहोदयांना ही विद्या कोणी शिकवलेली नव्हती. सलामी ऐन रंगात असताना ते वाकले आणि सकाळचा सगळा नाश्ता त्यांनी साहेबांच्या पांढऱ्या बुटांवर रिता केला. उरलेले दोन ॲडमिरल धावले. एकाने रुमाल पुढे केला, दुसऱ्याने पाठ चोळली, आणि जवळून वास आल्यावर दोघेही जोडीने कठड्याकडे पळाले.

साहेबांच्या मानेवरची शीर हलली. मागच्या खुर्चीवरून बाईंना ती दिसली. आता ते खाली बघणार. एकदा खाली बघितलं की संपलं. सगळ्या आरमारासमोर पाहुण्यांचं पितळ उघडं, आणि डोंगरातल्या घराचं कुलूपही उघडं. बाईंनी फक्त गप्प बसायचं होतं.

“समोर बघा,” बाई हळूच म्हणाल्या.

इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. साहेबांची मान होती तिथे थांबली. बूट भरले, सलामी संपली, साहेब ढळले नाहीत.

पुढचं सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. मंत्र्यांनी भाषणात सांगितलं, की मी कोलमडलो असताना एकच अधिकारी खांबासारखा उभा होता, माझ्याकडे त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही, माझी लाज राखली. खांबाला खुर्ची मिळाली.

खुर्चीबरोबर बंगला आला, अर्थातच समुद्राकडे तोंड केलेला. पडदे पुन्हा आखूड. पहिल्या संध्याकाळी साहेब खोक्यावर बसून म्हणाले, “तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?”

“झाडांना पाणी घालत असता,” बाई म्हणाल्या.

त्यांनी खोक्यातून हातोडी काढली आणि बंगल्याच्या सगळ्यात दर्शनी भिंतीवर हातभर लांब खिळा धरला.

“अगं, परवानगी?” साहेब उठलेच.

“तुम्ही समोर बघा,” बाई म्हणाल्या आणि पहिला घाव घातला.