चंदेरीची आतली बाजू

“मामा, हात फिरवा आणि बाईंना सांगा, या दोन गाड्यांतली कुठली घ्यायची,” शेठ म्हणाले, आणि शोरूममधली सगळी माणसं मागच्या दाराकडे बघू लागली.

टकटकमामांनी दाराशी टाकलेल्या गोणपाटावर बूट पुन्हा एकदा पुसले. मागच्या पत्र्याच्या शेडमधून पुढच्या काचेच्या शोरूममध्ये यायचं म्हणजे त्यांना दरवेळी दुसऱ्याच्या लग्नात शिरल्यासारखं वाटे. शेडमध्ये ते राजे होते. ठोकलेल्या, चेपलेल्या, आपटलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचा, हे त्यांचं काम. चौतीस वर्षं एकाच शेडमध्ये, एकाच ऐरणीपाशी. उजव्या हाताची बोटं हातोडी धरून धरून वाकडी झालेली. डावा हात मात्र लोण्यासारखा मऊ. त्याला ते ‘शहाणा हात’ म्हणत. त्या हाताने त्यांनी कधी जड काही उचललं नाही. घरात पाण्याची बादलीसुद्धा उजव्यानेच. बायको म्हणायची, “तुमच्या डाव्या हाताला नवरदेवासारखं जपताय.”

या दुकानाची एक रीत होती. जुनी गाडी विकायची झाली की गिऱ्हाइकासमोर मामांना बोलवायचं. ते पातळ फडक्याखाली डावा तळवा घालून, डोळे मिटून, गाडीभर हात फिरवणार. मग तीन ठिकाणी बोटाच्या पेरांनी टकटक. आणि शेवटी एकच शब्द: “घ्या.” तो शब्द पडला की गिऱ्हाइकाची मान आपोआप हलायची. मोठ्या शेठनी, म्हणजे आताच्या शेठच्या वडिलांनी, ही रीत पाडली तेव्हा ती तपासणी होती. धाकट्याच्या काळात ती जाहिरात झाली. मामांना मात्र कुणी तसं सांगितलं नव्हतं. ते अजून तपासतच होते.

आज समोर दोन गाड्या होत्या. एक चंदेरी, एक गडद हिरवी. दोन वेगळ्या कंपन्यांच्या, पण सख्ख्या बहिणींसारख्या. दोघी जमिनीला पोट लावून बसलेल्या. दोघींना दोनच दारं. आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं आणि बाहेर यायचं म्हणजे कुणीतरी हात द्यायचा. आणि दोघींच्या पोटात एवढा जोर, की नुसत्या चालू केल्या तरी काचा थरथरत.

घेणार होत्या डॉक्टरबाई. हाडांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, चणीने लहान, आवाजाने मोठ्या. सोबत त्यांचा धाकटा भाऊ. त्याने आठवडाभर फोनवर याच दोन गाड्यांचे व्हिडिओ बघितले होते आणि आता तो गाडी बनवणाऱ्यांनाच शिकवायच्या बेतात होता.

“ताई, परत सांगतो. शून्यावरून ताशी शंभर. चंदेरीला तीन पूर्णांक चार सेकंद. हिरवीला तीन पूर्णांक सहा.”

“बरं मग?”

“मग काय! दोन दशांश सेकंदांचा फरक आहे.”

“तेवढ्यात शिंक पण पुरी होत नाही,” मामा पुटपुटले.

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. भाऊ हसला नाही.

“मला दोन्ही आवडल्यात, तिथंच सगळी पंचाईत आहे,” बाई म्हणाल्या. “हिरवी रस्त्याला चिकटून जाते. चंदेरी गुरगुरते. मला ते गुरगुरणं आवडतं. मामा, आयुष्यभर मला सगळे सांगत आले. हळू बोल, सावकाश जा, बाईमाणसानं इतकी घाई करू नये. आता म्हटलं, एकदा जोरात जाऊन बघते. शहराबाहेर रेसचा ट्रॅक आहे ना, तिथं नावच घातलंय दर रविवारचं.”

“म्हणजे केवढ्या वेगाने?” मामांनी विचारलं.

“जेवढी जाईल तेवढी.”

मामांची नजर चंदेरीकडे गेली. कारण चंदेरीला ते ओळखत होते. शेठला जेवढी माहीत होती, त्याहून जास्त.

दीड वर्षापूर्वी ती शेडमध्ये आली होती, ट्रकवर लादून. डावी मागची बाजू भिंतीवर आपटून कागदाच्या बोळ्यासारखी झालेली. दारामागचा खांब वाकलेला, खालचा सांगाडा तिरका. पत्रा अॅल्युमिनियमचा. लोखंडाला आपला जुना आकार आठवत असतो. थोडं समजावलं की ते परत जागेवर येतं. अॅल्युमिनियम विसरभोळं. त्याला सगळं नव्याने शिकवावं लागतं, आणि जास्त ठोकलं तर ते तडकतं. मामा पाच आठवडे त्या एका बाजूपाशी बसले होते. जोड असा बसला की रंग चढल्यावर त्यांनाच तो सापडेना. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. तेव्हाच त्यांनी शेठला सांगितलं होतं, “गावात फिरवायला गाडी झकास आहे. पण ही अडीचशेनं पळायला केलेली. तेवढ्या वेगात माझा जोड काय करेल, मला ठाऊक नाही. जो घेईल त्याला सांगून द्या.” शेठ म्हणाले होते, “सांगू की.”

आणि आज सकाळी शेठ शेडमध्ये येऊन, स्टुलावर रुमाल पसरून बसले होते.

“मामा, चंदेरी आज निघायला पाहिजे. वर्ष झालं जागा अडवून बसलीय.”

“बाईंना सांगितलंत ना, तिचं काय झालं होतं ते?”

“अहो, तपासणीचं यंत्र लावलं. पास झाली. यंत्रापेक्षा तुम्ही शहाणे का?” मग शेठनी शेडच्या छपराकडे बघितलं. “ते गाड्या धुण्याचं सेंटर काढणारे परत आले होते. ही शेड मागतायत. मी म्हटलं, आमचे मामा आहेत तोवर नाही. तुम्ही फक्त तीनदा टकटक करा आणि ‘घ्या’ म्हणा. बाकी मी बघतो.”

धमकी होती, पण गोड. मामा काही बोलले नव्हते. शेठनी त्यालाच होकार मानलं. मामांना आपल्या कामाचा अभिमान आहे, तो माणूस स्वतःच्याच कामाला नाव कशाला ठेवेल, असा त्यांचा हिशोब.

आता मामांनी फडकं पसरलं. आधी हिरवी. डोळे मिटून, पुढून मागे, दारावरून, चाकाच्या कमानीवरून. हात कुठे अडखळला नाही. टक, टक, टक. आवाज खणखणीत.

मग चंदेरी. उजवी बाजू झाली. मागून वळसा घेऊन हात डाव्या बाजूला आला आणि तिथे मंदावला. शेठना वाटलं, म्हातारा नाटक छान करतो. नाटक नव्हतं. डोळे मिटल्यावर मामांना ते पाच आठवडे दिसत होते. खिडकीतून येणारं ऊन, एकेक ठोका, मध्येच थांबून लावलेला तळवा. हात म्हणत होता, मी केलेलं आहे हे, माझं आहे. पेरं मात्र अजून वाजली नव्हती.

“काय मामा?” शेठ हसत म्हणाले. “म्हणा की.”

मामांनी डोळे उघडले. समोर डॉक्टरबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलीसारख्या.

“ही नका घेऊ,” मामा म्हणाले.

त्यांनी डाव्या मागच्या बाजूवर तळवा ठेवला.

“ही आपटलेली आहे. इथून इथपर्यंत. हा खांब वाकला होता.”

“काहीतरीच!” भाऊ पुढे आला. “मी मीटर लावून रंगाची जाडी बघितलीय. सगळीकडे सारखी. मला तर काहीच दिसत नाही.”

“दिसणारच नाही. मी केलंय ते.”

“मामा,” शेठचा आवाज बर्फासारखा झाला, “तुमची गल्लत होतेय. ती दुसरी गाडी होती.”

“शेठ, आई पोराला विसरेल एक वेळ.” मामा वाकले, मागचं झाकण उघडलं, आतला गालिचा एका कोपऱ्यातून उचलला. “बाई, बाहेरून नका बघू. इथं आत हात घाला.”

डॉक्टरबाईंनी हात आत घातला. बोटांना खवले लागले. लहान लहान, नाण्याएवढे, एकाला एक लागून, माशाच्या अंगावर असतात तसे. हातोडीच्या ठोक्यांचे ठसे.

“आतून कुणी बघत नाही,” मामा म्हणाले. “म्हणून आतून गुळगुळीत करायचं नाही, असं मला माझ्या उस्तादानं शिकवलंय. बाहेरून लपवायचं ते गिऱ्हाइकाच्या हौसेसाठी. आतून ठेवायचं ते पुढच्या कारागिरासाठी. त्याला कळायला हवं, इथं आधी कोणी येऊन गेलंय.”

बाईंची बोटं बराच वेळ त्या ठशांवरून फिरली. त्यांनाही सवय होती, आत काय आहे ते बोटांनी वाचायची.

“पण मामा, हाड मोडून जुळलं की चांगलं घट्ट होतं,” त्या म्हणाल्या. “मी रोज बघते.”

“हाड जिवंत असतं, बाई. ते आपलं आपण भरून येतं. पत्र्याला माझ्याशिवाय कोण आहे?”

बाईंनी हात बाहेर काढला. त्यांनी गालिचा नीट होता तसा बसवला.

“आणि हिरवी?”

“हिरवीला कुणी हात लावलेला नाही. कंपनीतून आली तशी आहे.” मामांनी शेठकडे न बघता मोठ्याने म्हटलं, “घ्या.”

त्यांना खरंच वाटलं होतं, इथे गाडं रुळावर येईल. बाई हिरवी घेतील, शेठचा राग एका गाडीपुरता उतरेल, चार दिवस तोंड फुगवतील आणि सोडून देतील. पण डॉक्टरबाईंनी पर्स खांद्याला लावली.

“हिरवी चांगलीच असेल. पण शेठ, ज्यांनी चंदेरीचं मला सांगितलं नाही, त्यांच्याकडून मी हिरवी कशी घेऊ?”

“ताई, अगं, तीन पूर्णांक सहा पण काही वाईट नाही—”

“चल.”

दाराशी त्या थांबल्या. मामांच्या डाव्या हाताकडे त्यांनी क्षणभर बघितलं आणि मान झुकवली. दोन डॉक्टर एकमेकांना भेटल्यावर झुकवतात, तेवढीच. मग काचेचं दार बंद झालं.

शेठ वाट बघत होते ते फक्त बाईंची गाडी फाटकाबाहेर जाण्याची.

“म्हातारचळ लागलाय तुम्हाला! स्वतःच्याच कामाची लाज काढलीत, चार माणसांत!”

“लाज नाही काढली,” मामा म्हणाले. “चौतीस वर्षांत पहिल्यांदा दाखवलं.”

“एक शब्द म्हणायचा होता. एक! काय झिजलं असतं तुमचं?”

तेव्हा मात्र मामांचा तोल गेला. या शेठला त्यांनी चड्डी सावरत शेडमध्ये नट-बोल्ट गोळा करताना बघितलं होतं.

“तुझ्या बापानं तो शब्द माझ्या तोंडात ठेवला होता, तो खरा होता म्हणून! तू त्याची पिपाणी केलीस. वाजव आता, कुणाकडून वाजवायची ती. त्या बाईचं चाक दोनशेच्या वेगात निखळलं असतं, तर तू काय, दुसरी पिपाणी वाजवली असतीस?”

“सोमवारी शेड पाडतोय मी.”

“सोमवार कशाला? मी आत्ताच रिकामी करतो. तू सोमवारी दुसरं काम बघ.”

सेल्समन खाली मान घालून कागद चाळत होता. कागद कोरे होते.

शेड रिकामी करायला तासही लागला नाही. माणसाची चौतीस वर्षांची मालमत्ता दोन पोत्यांत मावते, हे मामांना माहीत नव्हतं. ऐरण मोठ्या शेठची होती, ती त्यांनी तिथेच ठेवली. निघताना ते मागच्या फाटकाने गेले नाहीत. दोन्ही पोती खांद्यावर टाकून, बूट न पुसता, शोरूमच्या मधोमध चालत, चंदेरी आणि हिरवीच्या मधून पुढच्या दाराने बाहेर पडले. चकचकीत फरशीवर काळ्या पावलांची एक रांग उमटली. पुसायला कुणी पुढे आलं नाही.

घरी बायको कपडे घड्या करत होती. दुपारी नवरा दारात, खांद्यावर पोती. तिने एकदा पोत्यांकडे बघितलं, एकदा तोंडाकडे.

“काढलं?”

“मीच निघालो.”

“कशावरून?”

मामांनी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाच विचारलं, “बाई काय म्हणाल्या?” आणि शेवटी एवढंच म्हणाली, “त्या शेठला लहानपणी जरा कमी लाडावलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हीच खांद्यावर घेऊन फिरायचात.”

“चुकलं.”

“चुकलं तर चुकलं. हे ठेवायचं कुठं?”

तिने स्वयंपाकघरातली खालची फळी मोकळी केली. डबे वर गेले, मोठं पातेलं पलंगाखाली. फडक्याने फळी पुसली आणि जमिनीवर बसून एकेक हातोडी पोत्यातून काढू लागली. प्रत्येकीला विचारायची, ही कशाची, ही कशाची. मामा सांगायचे: दाराची, छपराची, कडेची. ती त्याच क्रमाने लावत गेली, जणू उद्या सकाळी त्यातलीच एखादी तिला लागणार होती.

पोत्याच्या तळाशी एक लाकडी ठोकळा निघाला. एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने गालासारखा गोल, घासून घासून गुळगुळीत केलेला.

“हा कशाचा?”

“चंदेरीचा. त्या बाजूचा आकार साधायला मुद्दाम कोरला होता. त्यावर धरून ठोकायचं.”

“दुसऱ्या गाडीला चालतो?”

“नाही. त्या एकीलाच बसतो.”

“मग चुलीत घालू?”

मामांनी ठोकळा हातात घेतला. डाव्या हातात. गोल बाजूवरून तळवा एकदा फिरवला, पुढून मागे, आणि तो कुठेच अडखळला नाही.

“राहू दे. ती गाडी कधी परत आली माझ्या दारात, तर लागेल.”

“आणणारे शेठच असले तर?”

“असले तर आधी विचारीन, पुढच्या गिऱ्हाइकाला खरं सांगणार का. नाही म्हणाले तर दार लावून घेईन.”

तिने ठोकळा त्यांच्या हातातून घेतला, फळीवर सगळ्यात पुढे, आल्यागेल्याला दिसेल असा ठेवला, आणि उरलेले कपडे घड्या करायला उठली.