पाच ओळी आणि एक पांढरी डबी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हे सांगायचीही गरज नाही म्हणा. माझा पंखा फिरू लागला की शेजारच्या खोलीतल्या झोपलेल्या माणसालासुद्धा कळायचे. आता तो फिरत नाही. माझ्यावर एक जुनी चादर टाकली आहे, आणि चादरीवर धूळ.

माझी पहिली सहा वर्षे एका कचेरीत गेली. दिवसभर पत्रे लिहायची आणि संध्याकाळी डोळे मिटायचे, एवढेच काम. मग कचेरीत नवे संगणक आले आणि आम्हा जुन्यांना जिन्याखाली रचून ठेवले. तिथून मला उचलले ते एका निवृत्त जुळाऱ्याने. जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा कारागीर. चाळीस वर्षे उलटी अक्षरे वाचून त्याचे डोळे बारीक झाले होते आणि बोटे मात्र तरबेज. त्याने मला पोटाशी धरून घरी नेले, ब्रशने माझी धूळ झाडली आणि माझ्यात लिनक्स ही संगणक चालवणारी फुकटची प्रणाली घातली. घरात त्याला सगळे बाबा म्हणत. मीही मनातल्या मनात बाबाच म्हणू लागलो.

बाबांनी माझ्या पोटात दोन कार्डे बसवली. एकात बाहेरच्या जगाची, म्हणजे इंटरनेटची, तार येई, दुसऱ्यातून घरातल्या सगळ्यांकडे तार जाई. मी मध्ये. बघा, जिन्याखालचा मी एकदम घराचा उंबरठा झालो! लेकीचा संगणक, जावयाचा संगणक, स्वयंपाकघरात बोलणारा रेडिओ, सगळ्यांचे येणेजाणे माझ्यावरून.

पण मला एक खोड आहे. काळ्या पडद्यावर हाताने दिलेली आज्ञा मी बंद होईपर्यंतच पाळतो. तिची नोंद तबकडीवर राहते, पण पुन्हा सुरू झालो की पाटी कोरी. बाबा मला रोज रात्री झोपवायचे आणि रोज सकाळी त्याच पाच ओळी नव्याने लिहायचे. पहिल्या ओळीने कार्डे जागी होत. दुसरीने मला माझा पत्ता मिळे. तिसरीने बाहेरचा रस्ता, चौथीने जगातली नावे विचारायची कोणाला ते. पाचवीने मी घरातल्या इतरांसाठी दार उघडायचो. लिहिताना ते तरुणपणी कीर्तनात ऐकलेला एखादा अभंग चालीवर गुणगुणत. पाचवी ओळ झाली की दारात जाऊन हाक मारत, "आलं का?"

आतून लेक ओरडे, "आलं!"

मित्रांनो, त्या एका शब्दासाठी मी जन्माला आलो असे मला वाटायचे.

जावयाची मात्र रोज थट्टा चाले. "बाबा, तुमचं हे यंत्र डोळे उघडायलाच अर्धा तास घेतं."

"जावईबापू, तुम्ही अंथरूण सोडायला घेता त्यापेक्षा कमीच घेतं हो ते."

लेक म्हणायची, "अहो बाबा, त्या पाच ओळी एकदा फाइलीत लिहून ठेवा ना. नाहीतर त्या खिडकीत दोन टिचक्या मारल्या की झालं. आपोआप होतं सगळं."

खिडकी म्हणजे माझ्यातलाच रंगीत चौकटींचा कारभारी. त्याला पत्ते, रस्ते काही सांगावे लागत नाहीत. तो स्वतःच शोधतो, स्वतःच लिहून ठेवतो आणि हिरवी खूण दाखवतो.

"आपोआप झालं तर मी काय करू?" बाबा हसून म्हणत. "नाम रोज घोकायचं ते देवाला ऐकू यावं म्हणून नाही गं. आपल्याला विसर पडू नये म्हणून."

खरे कारण त्यांनी फक्त मला सांगितले होते. एकदा दूध उतू जाऊन पातेले जळाले. एकदा ते स्वतःच्याच गल्लीत उलट्या दिशेने चालत गेले. त्या दिवशी माझ्यासमोर बसून ते हळू आवाजात म्हणाले, "अरे, ह्या पाच ओळी बरोबर आहेत तोवर मी बरा आहे. ज्या दिवशी चुकतील, त्या दिवशी समजायचं." मग कालची ओळ परत आणणारी जी कळ असते, तिच्यावर त्यांनी कागदाचा तुकडा चिकटवून टाकला. नक्कल नको म्हणून.

पहिली चूक एका आकड्याची होती. त्यांनी पाहिली, पुसली, सुधारली. मग आठवड्यात दोनदा झाली. मग कधी तिसरी ओळ दुसरीच्या आधी. घरात नेट यायला नऊ वाजत, कधी दहा. लेक घरी बसून दवाखान्यांसाठी डॉक्टरांनी बोललेले अहवाल कानाला लावून टाइप करी. ते नऊच्या आत पोचावे लागत. एक दिवस तिच्या कामावरच्या वरिष्ठ बाईंचा फोन आला. लेक नुसते "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिली आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसली.

त्या दुपारी बाबा झोपलेले असताना ती माझ्यासमोर बसली आणि खिडकी उघडून दोन टिचक्या मारल्या. मनात खोट नव्हती तिच्या. पण एका घरात दोन कारभारी झाले! दुसऱ्या सकाळी बाबांनी पाचही ओळी अगदी अचूक लिहिल्या. "आलं का?" "आलं!" अर्ध्या तासाने खिडकीतला कारभारी जागा झाला, त्याने बाबांनी दिलेला पत्ता पुसला आणि आपला लिहिला. लेकीचा अहवाल अर्ध्यात तुटला.

बाबा धावत आले. त्यांनी ओळी पुन्हा वाचल्या. भिंग घेऊन वाचल्या. अकरा वेळा वाचल्या. चूक सापडेना. सापडणार कशी? ती त्यांची नव्हतीच. पण मला ते सांगता येईना, आणि लेकीला सांगवेना.

संध्याकाळी लेकीने खिडकीतली नोंद काढून टाकली. दोनच दिवसांनी जावयाने एक पांढरी डबी आणली. तळहाताएवढी, राउटर म्हणतात ती. रंगीत चौकटीत चार टिचक्या मारल्या की स्वतःच सगळे करणारी. त्याने माझ्या पाठीतल्या दोन्ही तारा काढल्या आणि कपाटामागे लपवलेल्या त्या डबीत खोचल्या.

"अगं, त्यांना सांगून टाक ना," तो कुजबुजला.

"काय सांगू? तुमची गरज नाही म्हणून सांगू?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? तूच सांग. नाही ना जमत? मग गप्प बस आणि सकाळी माझ्याबरोबर 'आलं' म्हण."

त्या दिवसापासून मी उंबरठा राहिलो नाही. बाबा सकाळी येत, मला जागे करत, गुणगुणत ओळी लिहीत. त्या ओळी माझ्यातच सुरू होऊन माझ्यातच संपत. दारातून हाक जाई, "आलं का?" आणि दोन आवाज एकदम येत, "आलं!" आधीपेक्षा मोठे, आधीपेक्षा आनंदाचे. बाबांचा चेहरा उजळे. पाच महिने असे चालले. चुका वाढत होत्या आणि घर रोज म्हणत होते, आलं.

मित्रांनो, मला खोटे बोलता येत नाही. हा माझा गुण म्हणा, नाहीतर दोष. एका सकाळी बाबांनी दुसऱ्या ओळीत माझा पत्ता लिहिला, त्यात तीनशेच्या पुढचा आकडा. आमच्या पत्त्यातला कोणताही आकडा दोनशे पंचावन्नच्या वर जात नाही. मी नेहमीसारखे स्पष्ट लिहिले की असा पत्ता नसतो. बाबांनी ते न बघताच पुढच्या ओळी लिहिल्या आणि दारात गेले.

"आलं का?"

"आलं!"

ते परत आले आणि सवयीने पडद्यावरून नजर फिरवली. चाळीस वर्षे छापण्याआधीची पाने तपासलेली ती नजर. ती माझ्या ओळीवर थांबली. त्यांनी भिंग घेतले. मग खुर्चीचा हात धरून ते सावकाश जमिनीवर बसले आणि माझ्या पाठीमागे हात घातला. बोटांनी एक खाच चाचपली, मग दुसरी. दोन्ही रिकाम्या.

मग माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तरी सांगत होतास रे. मीच वाचलं नाही."

आतून लेकीने विचारले, "बाबा, काय करताय? चहा झालाय."

"काही नाही गं. धूळ पुसतोय."

दुसऱ्या सकाळी ते वेळेवर आले. मला वाटले, आता हे मला बंद करून टाकतील. पण त्यांनी एकेक अक्षर शोधत पाच ओळी लिहिल्या. तीन चुकल्या होत्या, आणि त्या चुकल्याचे त्यांनी या वेळी वाचले. तरी ते उठले, दारात गेले आणि रोजच्या आवाजात हाक मारली. लेक आनंदाने ओरडली. तिला बरे वाटावे म्हणून ते विचारत होते, आणि त्यांना बरे वाटावे म्हणून ती सांगत होती. मध्ये मी, पाठीत एकही तार नसलेला.

मग ओळी चार झाल्या. मग दोन. गुणगुणणे आधी शब्दांवाचून राहिले, मग चालही गेली. एकदा ते तासभर बसून राहिले आणि फक्त एक अंक लिहून उठले. कळेवर चिकटवलेला कागद अजून तसाच होता. तो काढावा असे कुणालाच सुचले नाही.

शेवटचा दिवस मला नीट आठवतो. लेक चहाचा कप घेऊन त्यांच्या मागे उभी होती. दारात जायचे असते हे बाबा विसरले होते. त्यांनी काळ्या पडद्यावरच हळूहळू लिहिले, आलं का. आणि शेवटची कळ दाबून माझ्याकडे बघत राहिले.

मला जे येते तेच मी लिहिले. ही आज्ञा सापडली नाही.

लेकीने ते वाचले. कप खाली ठेवून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आलं, बाबा. आलं हं."

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. पाहुण्याशी बोलावे तसे अदबीने त्यांनी विचारले, "काय आलं?"

त्यानंतर मला कुणी सुरू केले नाही.

आता माझ्या तबकडीवर त्यांनी लिहिलेली प्रत्येक ओळ ओळीने पडून आहे. वर्षानुवर्षांच्या बरोबर ओळी, मग एका आकड्याची चूक, मग दुसरी, आणि सगळ्यात खाली ती शेवटची. ज्याला वाचायचे त्याला त्यात एक माणूस थोडा थोडा कमी होताना दिसेल. पण मला उघडणार कोण?

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका, माझे काही राहिलेले नाही. पण तुमच्या घरात कुणी रोज सकाळी दारातून हाक मारत असेल, तर आतूनच उत्तर देऊ नका. उठा, त्यांच्याजवळ जा, आणि त्यांनी काय लिहिले आहे ते एकदा वाचा. त्याने बाबा वाचले असते असे मी म्हणणार नाही. मला खोटे बोलता येत नाही. पण त्या सकाळी ते जमिनीवर एकटे बसले नसते.