झेलणारी

दिपालीने बासरी आणि कोरस ही दोन बटणं एकदमच दाबून धरली. पियानोच्या छोट्या पडद्यावर दोन्ही नावं एकाखाली एक उमटली, तेव्हा तिने उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर टेकवलं. पट्टी एक, पण आवाज दोन निघाले, तेही एकमेकांत मिसळून. डोळे मिटून ऐकलं तर पलीकडच्या खोलीत कुणी बाई गळा मोकळा करते आहे असं वाटावं.

"आई, ऐका जरा. ही बाई आता तुमचा धवला झेलेल."

तिची सासू जनीबाई हळदीच्या स्वयंपाकाचे तांदूळ निवडत होती. तिने सूपसुद्धा खाली ठेवलं नाही.

"बाई कुठं हाय? डबा हाय तो."

जनीबाई म्हणजे पंचक्रोशीची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात एक वेळ नवरदेव उशिरा आलेला चालेल, पण मांडव घालताना, हळद लावताना धवला गाणारी ही बाई वेळेवर लागते. आणि धवला एकटीने गायचा नसतो. एकीने ओळ सोडायची, दुसरीने ती झेलून पुरी करायची. तीस वर्षं जनीबाईने ओळ सोडली आणि येसूबाईने ती झेलली. मग तीन वर्षांपूर्वी पोयनाडच्या एका हळदीत माइकवाल्याने माइक एकट्या जनीबाईपुढे ठेवला, आणि जनीबाईने तो मधे सरकवला नाही. झालं एवढंच. येसूबाई उठून गेली ती गेलीच. दोघींची घरं समोरासमोर, नळ एकच, पण तेव्हापासून एकीचा हंडा भरून झाल्याशिवाय दुसरी उंबरा ओलांडत नव्हती.

आणि आता कल्पिताची हळद आली होती. कल्पिता जनीबाईचं शेंडेफळ. सगळ्या गावाच्या लेकी धवले गाऊन सासरी धाडणारी जनीबाई स्वतःच्या लेकीच्या वेळी म्हणाली, "झेलायला कोनी नाय तं धवला पन नाय. डीजे लावा." त्या दिवशी कल्पिता जेवली नाही. दिपाली या घरात आली तेव्हा ही नणंद फ्रॉकमध्ये होती आणि पहिले सहा महिने वहिनीच्या कुशीत झोपली होती. तिची हळद डीजेवर उरकलेली दिपालीला सोसणार नव्हती.

ती शाळेत शिकवायची. माहेरी भजनात पेटी वाजवून बोटं तयार झालेली, आणि शाळेच्या गॅदरिंगसाठी हा पियानो आणलेला. तिने पट्ट्यांचे दोन भाग केले. मधोमध पांढरी एक ही हद्द. हद्दीच्या उजवीकडे बासरी-कोरसची ती बाई, डावीकडे डबल बासचा जाड, घोगरा आवाज, ठेक्यापुरता. जनीबाईने नाही-होय करत तीन दिवस सराव केला, तिच्या नेहमीच्या सुरात, काळी चारमध्ये. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बरा झेलतंय तुझा डबा." दिपालीला बीएडच्या निकालाला झाला नव्हता एवढा आनंद झाला.

हळदीच्या दिवशी दुपारी चारलाच मांडव भरला. येसूबाईही आली. शेजारधर्म सुटत नाही, म्हणून कडेच्या खुर्चीवर रस्त्याकडे तोंड करून बसली. कल्पिता पाटावर बसली, जनीबाईने डोळे मिटले आणि ओळ सोडली.

"हलद आयली गो, खाडीच्या वाटनं..."

सूर काळी दोन होता, सरावापेक्षा पार खालचा. धवलारीण कुणाला सूर मागत नाही. ती लावील तो सूर, आणि वाजवणाऱ्याने निमूट मागे जायचं. दिपालीने पेटीवालीच्या सवयीने बोटं खाली सरकवली आणि ओळ झेलली. सुरुवात छान झाली. मग चाल उतरत गेली, बोटं हद्द ओलांडून डावीकडे गेली, आणि बासरीवाली बाई मधेच गप्प होऊन तिच्या जागी डबल बास बोलू लागला. अर्धी ओळ बाईने म्हटली आणि उरलेली चिखलात रुतलेल्या रेड्याने.

मांडव खो खो हसला. कल्पिताही पदर तोंडाला लावून हसली. जनीबाईने नेटाने दुसरी ओळ सोडली. दिपाली एका हाताने बटण शोधत होती, दुसऱ्याने झेलत होती, आणि रेडा पुन्हा हंबरला. जनीबाईने डोळे उघडले. पुढची ओळ तिने सोडलीच नाही, तसं हसणंही विरलं. आता ही उठणार, दिपालीच्या मनात आलं, आणि हे सगळं आपल्यामुळे. कुणीतरी डीजेवाल्याला हाकही मारली.

"अगो, बंद कर तो रेडा!"

येसूबाई उठून उभी होती. तिने कुणाकडेही न पाहता घसा खाकरला आणि अर्धवट राहिलेली ओळ झेलली. बारीक, धारदार गळा. तीन वर्षांचा गंज त्याला कुठेच नव्हता. जनीबाईने श्वास घेतला आणि तिसरी ओळ सोडली. ती संपायच्या आत येसूबाई खुर्च्यांमधून वाट काढत पाटापर्यंत पोचली होती. दिपालीने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. तिला रडूही येत होतं आणि मघाच्या रेड्याचं हसूही.

धवला संपला. येसूबाई कमरेवर हात ठेवून उभीच राहिली.

"एवढा खालशी सूर लावतात? पोरीची हलद हाय का मयत हाय? म्हातारी झालीस तू."

तीन वर्षांनंतरचं हे पहिलं बोलणं. बायका कानात प्राण आणून बसल्या. जनीबाई आपल्या तळहाताकडे बघत होती.

"वर कोनासाठी चढू?" ती म्हणाली. "वर झेलायला कोन होता मना?"

येसूबाईने हळदीच्या वाटीत बोटं बुडवली, कल्पिताच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि उरलेली जनीबाईच्या गालावर कानापर्यंत ओढली. मग धपकन तिच्या शेजारी बसली.

"लाव दुसरा," ती म्हणाली.

जनीबाईने लावला. दिपालीला राहवलं नाही. तिने आवाज अगदी बारीक करून पट्ट्या चाचपून पाहिल्या. काळी पाच, सरावाच्याही वर. दोघी साठीच्या पुढच्या, आणि काळी पाच! तिने पियानोचं बटण बंद केलं, पदर खोचला आणि बायकांच्या घोळक्यात टाळी धरायला गेली.