कॉम्प्युटरच्या खोलीतला आत्मा

"बघा, मी हात लावतो!" गावच्या मठातले बाबा गरजले आणि त्यांनी दोन्ही पंजे कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्यावर ठेवले. खिडक्यांना लोंबकळलेली गर्दी श्वास रोखून बघत होती. बाबांना काही झालं नाही. "ओळखतो तो मला! माझ्यापुढे भिजलेलं मांजर होतो!"

गर्दीने हात जोडले. मी मात्र कोपऱ्यातल्या शेगडीकडे बघत होते. तिच्यात एक सळई तापत होती, चिमणीच्या तळहातासाठी.

चिमणी ही सुताराची लेक, सहावीतली. मी या परक्या देशात आले होते ती गरीब शाळांना कॉम्प्युटर देणाऱ्या संस्थेची स्वयंसेवक म्हणून. आधीची तुकडी यंत्रं बसवून गेली होती आणि मी शिकवायला पोचले, तर वर्ग ओस. डब्याला हात लावला की मुलांना झटका बसायचा. आज सकाळी चिमणी किंचाळून स्टुलावरून पडली आणि गावाने बाबांना बोलावलं. त्यांचं निदान तयारच होतं: समुद्रापलीकडचा आत्मा डब्यातून पोरीत शिरलाय, तळहाताला डाग दिला की निघेल. यंत्रं मात्र मठात ठेवायची, तिथे ती शांत होतील. आत्म्यालाही सगळेच कॉम्प्युटर लागतात, हे मला नव्यानेच कळलं.

"हेडमास्तर, तुम्ही तरी बोला!"

"काय बोलू, ताई? मलाही झटका बसला. बाबांना बसत नाही, हे डोळ्यांनी बघतोय."

मी चिमणीपुढे बसले. "सकाळी काय केलंस, सांग बघू."

"नियमाने केलं सगळं. बूट बाहेर काढले, ओल्या फडक्याने फरशी पुसली, मग डबा सुरू केला. धूळ नको म्हणून तुमच्याच माणसांनी सांगितलंय."

मी खाली बघितलं. खोलीत सगळे अनवाणी. बाबांच्या पायांत तेवढे जाड रबरी तळव्यांचे बूट. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"बाबा, बूट काढून हात लावा."

"सिद्ध पुरुषाचा पाय जमिनीला लागत नाही!"

"काल तर विहिरीवर चिखलात उभे होता की!" खिडकीतून एक आजी म्हणाली.

कुणी हसलं नाही. सुताराने सळई उचलली होती. "ताई, बाजूला व्हा. पोर माझी आहे." त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"तुमचीच आहे, दादा. म्हणून तर जरा थांबा."

मी अनवाणी डब्याला बोट लावलं. सणकन झटका बसला. बाहेरून माझे रबरी तळव्यांचे बूट घालून आले, पुन्हा लावलं. काही नाही! मग पिशवीतला वीज तपासायचा टेस्टर काढून डब्याला टेकवला, तर त्यातला दिवा पेटला. डब्यावर वीज उतरत होती.

मी प्लग दाखवला. "याच्या तीन पिना. तिसरी ही वीज जमिनीत नेते. तुमच्या सॉकेटला भोकं दोनच, म्हणून आमच्या शहाण्यांनी मध्ये दोन पिनांचा जोड लावला आणि तिसरी पिन वाऱ्यावर सोडली. मग वीज ओल्या फरशीवरच्या अनवाणी पोरांतून जमिनीत जाते. रबर तिला अडवतं. बाबांची सिद्धी एवढीच!"

प्लग काढून मी डब्यापासून खिडकीबाहेरच्या हातपंपाच्या लोखंडी नळापर्यंत वायर बांधली आणि वीज पुन्हा सुरू केली. टेस्टरचा दिवा लागला नाही. मी बूट काढून डब्यावर हात ठेवला. काही नाही.

"मायावी खेळ!" बाबा ओरडले. "डाग दे, नाहीतर पोर हातची जाईल!"

सुताराने सळईकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. मग सळई खाली टाकून त्याने स्वतःचा हात डब्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. शेवटी चिमणीला जवळ ओढून तो हुंदके देऊ लागला. तोवर बाबा दारापर्यंत पोचले होते आणि त्यांना कुणी थांबवलं नाही.

बाबा लबाड होतेच, पण झटका खरा होता आणि चूक आमच्या माणसांची होती, हेही मी गावाला सांगितलं. म्हणून तुम्हालाही हात जोडून सांगते: आक्रीत दिसलं तर आधी कारण शोधा. सापडलं नाही तर जाणत्याला विचारा, त्यालाही कळलं नाही तर थांबा. कळत नाही म्हणून आपल्या लेकराला डाग देऊ नका.