आभाळातला ढग

आमच्या दुकानात पूर्वी टर्पेंटाइनचा वास असायचा. नाटकांचे पडदे आमचे हे हाताने रंगवायचे. कापड जमिनीवर अंथरून, अनवाणी त्यावर उभं राहून, काठीला बांधलेल्या ब्रशने. डबे सांभाळणं माझ्याकडे. एखादा उघडा राहिला की रंगावर साय धरायची आणि ह्यांचा पारा चढायचा. "झाकण!" एवढंच ओरडायचे. आमचा मुलगा आधी हाच शब्द बोलायला शिकला, असं मी पाहुण्यांना सांगायचे. थोडी भर घालूनच, पण सांगायचे.

आता तिथे सुनेचं छपाईचं यंत्र आहे, पलंगापेक्षा लांब. बाजूला शाईच्या बाटल्या, त्यांतून निघालेल्या बारीक नळ्या, आणि शाई फवारत कापडावरून इकडून तिकडे धावणारं त्याचं डोकं. हे रोज त्याच्याकडे पाहुण्यासारखे बघतात.

परवा त्यावर नाट्यगृहाचा पडदा छापायचा होता. ह्यांनी जन्मभर ज्यांचे पडदे रंगवले, त्यांनी पहिल्यांदाच सुनेला काम दिलं होतं. संध्याकाळच्या आत पडदा टांगायचा होता. कापड मोजकंच होतं, बिघडलं तर दुसरं नव्हतं.

टेकड्या छान आल्या. पण आभाळ सुरू झालं आणि जरा वेळात निळा रंग फिका पडू लागला. सुनेने यंत्र थांबवलं, डोकं साफ केलं, कागदावर रेघा काढून पाहिल्या. एकही तुटली नव्हती. पुन्हा सुरू केलं. वीतभर झकास निळं, मग परत फिकं. तिचा चेहराही तसाच व्हायला लागला.

"डोकंच चोंदलं असेल," हे म्हणाले.

"चोंदलं असतं तर पहिल्यापासूनच रेघा तुटल्या असत्या, बाबा. हे दमतंय. थांबलं की सावरतं, धावलं की दमतं. म्हणजे शाई येतेय, पण पुरत नाहीये."

"आमच्या ब्रशला हे दुखणं नव्हतं."

"तुमच्या ब्रशला तुम्ही होतात ना ओरडायला!" मी म्हटलं.

सून हसली नाही. मला म्हणाली, "आई, बॅटरी धरा." डोक्यापासून सुरुवात करून ती निळी नळी बोटांनी चाचपत मागे मागे गेली. कुठे मुडपलीय का, कुठे हवेचा बुडबुडा अडकलाय का. काही नव्हतं. शेवटी बाटलीपाशी आली आणि थबकली.

निळ्या बाटलीच्या झाकणावर चिकटपट्टी होती. कडा नखाने दाबून बसवलेल्या, अगदी नीटस. असं काम आमच्या घरात एकच माणूस करतो.

आम्ही दोघींनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना हे यंत्र आवडत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"काल शाई भरली ना मी," हे चाचरत म्हणाले. "झाकणाला भोक दिसलं. म्हटलं, हवा लागून साय धरेल. म्हणून बंद केलं गं."

सून खुर्चीत बसून पोट धरून हसली. "बाबा, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं! वरून हवा आत गेली तरच शाई खाली उतरते."

"मग तसं लिहून ठेवायचं की वर!"

तिने पट्टी काढली. बाटलीने फुस्स करून श्वास घेतला. यंत्र सुरू झालं आणि आभाळ कापडाच्या टोकापर्यंत निळंशार उतरलं.

पण मधला फिका पट्टा तसाच होता. दुसरं कापड नव्हतं; सुनेने घड्याळाकडे पाहिलं. शाई वाळल्यावर आम्ही कापड जमिनीवर अंथरलं; ह्यांनी माळ्यावरून काठीचा ब्रश काढला, पांढरा रंग कालवला आणि चपला काढल्या.

"फक्त एक ढग," ती म्हणाली. "जास्त नको हं, बाबा."

"ढग कधी थांबवायचा हे मला शिकवू नकोस."

हे कापडावर उतरले. गुडघे कुरकुरत होते, हात मात्र तोच होता. पट्टा एका लांब, विरळ ढगाखाली गेला.

संध्याकाळी पडदा टांगला तेव्हा नाट्यगृहाचा व्यवस्थापक मान वर करून बराच वेळ पाहत होता. "ढग सुरेख आलाय. पुढच्या पडद्यातही ठेवाल का?"

"ठेवू की," सून म्हणाली. "ढगाच्या गुडघ्यांना तेल लावून तयार ठेवते."

घरी आल्यावर ह्यांनी ब्रश धुतला आणि पांढऱ्या रंगाचा डबा तसाच सोडून खुर्चीत टेकले. सुनेने तो पाहिला.

"झाकण!" ती ओरडली.

हे मुकाट्याने उठले.