रोजचं गिऱ्हाईक

बायको गेल्यावर सिद्राम आप्पांच्या जेवणाचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्या घरात आला. आज तो आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरांत येतो. एकुलता एक मुलगा इंद्रजीत आणि सून रेश्मा दोघंही मस्कतला नोकरीला. आप्पा सूतगिरणीतून निवृत्त झालेले, सोलापूरजवळ कुंभारीच्या कामगार वसाहतीत एकटे. मुलाकडे जायला ते काही केल्या तयार नव्हते.

शेवटी त्यांनी स्वतःच मार्ग काढला. वसाहतीच्या तोंडाशी सोजरबाईंची खानावळ होती. रोज साडेबाराला आप्पा तिथं जाऊन बसू लागले. गरम भाकरी, आमटी, शेंगाचटणी आणि बाकावर बोलायला गवंडी, ट्रकवाले. फोनवर ते खुशीत सांगायचे, "सोजरबाई दुसरी भाकरी विचारत न्हाय, टाकूनच जाते की."

तिकडं इंद्रजीत-रेश्माचंही असंच झालं होतं. घराजवळ हमूद नावाच्या म्हाताऱ्याचं लहानसं हॉटेल होतं. आधी आठवड्यातून एकदा, मग जवळजवळ रोज दोघं तिथंच जेवू लागले. ते दारात दिसले की हमूद न सांगता डाळीत तिखट वाढवायचा. एकदा रेश्मा तापानं पडली आणि चार दिवस त्यांचं जाणं झालं नाही. पाचव्या दिवशी हमूद सूपचा डबा घेऊन दारात उभा! माझी माणसं जेवायला आली नाहीत म्हणून बघायला आलो, असं तो मोडक्या हिंदीत म्हणाला. इंद्रजीतचे डोळे भरून आले होते.

त्याच वर्षी नातेपुत्याहून त्याच्या चुलत्यांचा, जोतिरामकाकांचा फोन आला. सोजरबाई बौद्ध, आप्पा रोज त्यांच्या हातचं खातात, भावकीत चर्चा चाललीय, असं त्यांचं म्हणणं. खरं तर इंद्रजीतला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पण काकांशी वाद कोण घालणार? त्यापेक्षा आप्पांना सांगणं सोपं. रेश्मानं त्याला परोपरीनं समजावलं. त्यानं ऐकलं नाही. फोन करून तो आप्पांना म्हणाला, लोकांना बोलायला जागा कशाला द्यायची, घरीच काहीतरी करून खात जा.

आप्पा नुसतं "बरं" म्हणाले.

चार महिन्यांनी आप्पा न्हाणीत चक्कर येऊन पडले. डोक्याला मार लागला. ते दीड दिवस तसेच पडून होते. दूधवाल्याला संशय आला तेव्हा दार फोडलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंगात ताकदच नव्हती, पोटभर जेवण कित्येक दिवसांत नसावं. इंद्रजीत-रेश्मा पोहोचले तेव्हा सगळं संपलं होतं. स्वयंपाकघरात पिठाचा डबा रिकामा होता आणि कोपऱ्यात टोस्टच्या पिशव्यांचा ढीग.

पाचव्या दिवशी सोजरबाई आल्या. त्या बाहेरच पायरीवर बसल्या. रेश्मानं हाताला धरून आत आणलं. इंद्रजीतला त्यांच्याकडं बघवेना.

"रोज यायचे तवा एक दिवस जरी चुकला तरी मी कुणाला तरी घरी धाडायची," सोजरबाई म्हणाल्या. "जेवायचं बंद झालं तवा डबा घेऊन आले व्हते. त्यांनी हात जोडले. म्हणाले, पोराला आवडत न्हाय. मग मी यायचं बंद केलं. जो माणूस रोज येतच न्हाय, तो आज आला न्हाय हे कळायचं कसं?"

इंद्रजीतनं मान खाली घातली. काकांच्या फोनचं आणि हमूदचं सगळं त्यानं त्यांना सांगितलं.

सोजरबाईंनी शांतपणे विचारलं, "त्याची जात इचारली व्हती का तुमी?"

"नाही, मावशी."

"मग माझीच का वो इचारली?"

 इंद्रजीत म्हणाला, तेराव्याचा स्वयंपाक तुम्हीच करा. सोजरबाईंनी मान हलवली. "एका दिवसाच्या पंगतीनं काय व्हतं? तुमच्या काकांनी नावं ठेवली ती माझ्या रोजच्या अन्नाला. जेवायचंच असलं तर खानावळीत या."

तेराव्याला भावकी जमली. सगळ्यांसमोर इंद्रजीत उभा राहिला. "आप्पा पडून गेले असं सगळे म्हणतात. मी त्यांना भरल्या ताटावरून उठवलं, म्हणून ते गेले. काकांनी सांगितलं, पण ऐकलं मी. आता मी सोजरमावशींकडं जेवायला चाललोय. कुणाला यायचं असेल तर या." जोतिरामकाका चपला घालून निघून गेले. मागं आली फक्त रेश्मा.

खानावळीत एका गवंड्यानं सरकून जागा दिली. आप्पांचा मुलगा का, म्हणून विचारलं. सोजरबाईंनी ताट वाढलं. इंद्रजीतनं भाकरी मोडली. सोजरबाई पाण्याचा तांब्या ठेवून पुढच्या माणसाला वाढायला गेल्या. माफीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

बंधुभगिनींनो, परमुलखात जात विसरायला काही लागत नाही, तिथं ती कुणी विचारतच नाही. ती विसरायची असते आपल्या गल्लीत, आपल्या भावकीसमोर, आणि तीही माणूस जिवंत आहे तोवर. आपण जातीसाठी एखादं दार बंद करतो, तेव्हा त्या दारातून आपली विचारपूस करायला येणारा माणूसही बाहेरच राहतो.