शिशाचा बिल्ला

"मास्तर, ही एवढी माणसं जूनमध्ये कुठे मेली होती हो?" गार्ड टॉर्किल डब्याच्या दारातून ओरडला आणि फलाटावरची गर्दी खो खो हसली.

फार्करमास्तरांना हसू आलं नाही. आर्डव्हेग स्टेशनातून आज शेवटची गाडी सुटत होती. एरवी जिथे चार टाळकी दिसायची, तिथे सगळं गाव लोटलं होतं. ज्याच्या त्याच्या हाती तिकीट देताना मास्तरांची मान खाली जात होती.

जूनमध्ये ही माणसं कुठे होती ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. चर्चमध्ये. वरच्या कचेरीचं पत्र आलं होतं: जूनमधला कोणताही एक आठवडा निवडा, गाडीत चढणारे उतारू मोजा, कळवा. मास्तरांनी नेमका प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या नावाने एकत्र भाकर खाण्याच्या विधीचा, आठवडा निवडला. गुरुवारपासून सोमवारपर्यंत त्या दिवसांत गावात कोणी कामाला हात लावत नाही, प्रवास तर दूरच. मोजायला कोणी नसेल, आपल्यालाही पाचही दिवस चर्चमध्ये बसता येईल, एवढाच त्यांचा हिशेब. आकडा निघाला अकरा. पुढे त्याच आकड्यावरून स्टेशन बंद करायची नोटीस आली, तेव्हा खरं कारण कळवायला वेळ होता. पण मग आठवडा कोणी निवडला, हे गावाला कळलं असतं. मास्तर मूग गिळून बसले.

गर्दीतून वाट काढत म्हातारी इशबेल आली. दर बुधवारी ती याच गाडीने इन्व्हरनेसला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची. तिने मास्तरांच्या हातात स्वतः विणलेले मोजे कोंबले.

"जीव जाळू नका, मास्तर. तुमच्या हातात काय होतं?"

"होतं, इशबेलबाई..."

"काय म्हणालात?"

टॉर्किलने शिट्टी फुंकली. "थंडी वाढली, म्हटलं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी हिरवा बावटा दाखवला. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

पुढचा जून आला. इन्व्हरनेसची बस दोन ठिकाणी बदलावी लागे, म्हणून इशबेलने डॉक्टरकडे जाणं सोडलं होतं. आता ती भिंतीला हात लावत चाले.

प्रभुभोजनाच्या शनिवारी पाद्रीबाबांनी दरवर्षीसारखा मास्तरांनाही शिशाचा बिल्ला दिला. निर्मळ मनाच्या माणसालाच तो मिळतो, आणि तो दाखवल्याशिवाय प्रभुभोजनाच्या मेजापाशी बसता येत नाही. रविवारी पुकारा झाला. गावकरी एकेक करून उठले आणि पांढऱ्या कापडाच्या लांब मेजापाशी जाऊन बसले. मास्तर मात्र दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसून राहिले. मुठीत बिल्ला घामाने ओला झाला होता.

मेजापाशी बसलेल्या इशबेलने मास्तरांसाठी धरलेली शेजारची जागा चाचपून पाहिली. "मास्तर आले नाहीत का गं?" तिने पलीकडच्या बाईला हळूच विचारलं.

"आलेत की. ते काय, मागे बसलेत."

"येतील मग," इशबेल म्हणाली. भाकर तिच्यापर्यंत आली तेव्हा तिने ती एका हाताने घेतली. दुसरा हात तिने त्या रिकाम्या जागेवरच ठेवला होता.